उसातल्या डबीची झोप

शिरोळ भागात मामांचा ऊस आहे. सरीत त्यांनी ओलावा मोजणारी डबी बसवून घेतली. मुठीएवढी, आत दोन पेन्सिल सेल. जमीन वाळली की ती बिनतारी निरोप देते आणि बांधावरची पेटी मोटर चालू करते. रात्रीच्या विजेवर पाणी पाजायला अंधारात जायचं वाचलं. सुरक्षेचं विचारलं तर मामा हसले. "माझ्या रानाची ओल चोरून कुणाला काय मिळणार हाय?"

ओल कुणी चोरणार नाही हे खरं. पण डबीची झोप चोरता येते.

सेलची क्षमता साधारण २४०० मिलिअँपिअर-तास धरू. झोपेत डबी १० मायक्रोअँपिअर खात असेल, तर कागदावर २७ वर्षं निघतात (सेल त्याच्या कितीतरी आधी आपोआप उतरतील, ते सोडा). रेडिओ जागा झाला की तोच खर्च २० मिलिअँपिअरवर जातो, म्हणजे सलग जागी ठेवली तर डबी ५ दिवसांत खलास. कुणी जवळपास बसून फालतू निरोप पाठवत राहिलं, की प्रत्येक निरोप आपला आहे की परका हे बघायला, थोडा वेळ ऐकायला उठलेली डबी जागीच राहणार. किल्ली, म्हणजे निरोपाला कुलूप लावणारा गुप्त आकडा, फोडायची गरजच नाही. रात्रभर कुणी कडी वाजवली तर चोरी न होताही घरातला माणूस आजारी पडतो, त्यातलाच प्रकार.

दुसरी अडचण जागेची. अशा उपकरणांसाठी ८०२.१५.४ नावाचं मानक २००३ साली आलं. त्यात एक निरोप जास्तीत जास्त १२७ बाइटचा. देवनागरी युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीने लिहायचं तर जेमतेम ४२ चिन्हं, काना-मात्रा धरून! त्यातच पत्ता, क्रमांक आणि निरोप खरा असल्याचा शिक्का. शिक्का ४ ते १६ बाइट घेतो. मोठा शिक्का पक्का, पण सेल जास्त खाणारा. असल्या चिमुकल्या यंत्रांसाठीच अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२३ मध्ये 'अॅस्कॉन' ही हलकी कूटपद्धत निवडली.

क्रमांक कशाला? 'मोटर चालू कर' हा निरोप कुणी हवेतून टिपून उद्या तसाच परत सोडला, तर शिक्का खराच निघेल. क्रमांक जुना दिसला की पेटी तो फेकून देते. मात्र सेल बदलल्यावर डबीची मोजणी शून्यापासून सुरू झाली, तर पेटी खऱ्या डबीलाच ओळखत नाही. मग वैतागून कुणीतरी ही तपासणीच बंद करून टाकतं.

आणि किल्ली. याच मानकावर चालणाऱ्या झिगबी नावाच्या बिनतारी पद्धतीच्या बऱ्याच उपकरणांत 'झिगबीअलायन्स०९' ही रोमन लिपीतली १६ अक्षरं कित्येक वर्षं जाळ्यात शिरण्याची सामाईक किल्ली होती, आणि ती जगजाहीर होती. रानात तर डबी पळवणंही सोपं. सगळ्या डब्यांत एकच किल्ली असेल तर एक उघडली की गावच्या सगळ्या मोटरी हातात.

डबी बसवणाऱ्या पोराला मी विचारलं, "प्रत्येकीची किल्ली वेगळी आहे का?"

"किल्ली कसली, साहेब? चार स्क्रू हायत की."