आजी अमेरिकेला सहाच महिने का जाते? थोडी पार्श्वभूमी

कोथरूड घ्या, डोंबिवली घ्या, नाशिकचं कॉलेज रोड घ्या, प्रत्येक सोसायटीत एखादा तरी फ्लॅट असा असतो ज्याची किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, कुंड्यांना पाणी शेजारीच घालतायत आणि घरचे आजी-आजोबा "मुलीकडे गेलेत". कधी येणार विचारलं की उत्तर ठरलेलं, सहा महिन्यांनी. लोक म्हणतात मजा आहे बाबा, अमेरिका फिरतायत. फिरणं होतं, नाही असं नाही, शनिवार-रविवारी नायगारा वगैरे दाखवतात, पण मुळात त्या दोघांना तिकडे बोलावलेलं असतं ते बाळासाठी. माझ्या मते त्याला सरळ काम म्हणावं, बिनपगारी काम, आणि गेल्या तीसेक वर्षांत आपल्याकडची जी मुलं-मुली आयटीतून बाहेर गेली त्यांचे संसार या कामावर उभे राहिलेत. आणि ते सहा महिने काही घरात बसून कुणी ठरवलेले नाहीत. ते तिकडच्या कायद्यातून आलेत.

थोडं मागे जाऊया. आपल्याकडे बाळंतपणाचा प्रवास उलटा होता. आई मुलीकडे जायची नाही, मुलगी आईकडे यायची. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी, मग शेक-शेगडी, वेखंडाची धुरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, टाळूला तेल, सव्वा महिना बाहेर पडायचं नाही, तीन महिन्यांनी बाळाला घेऊन सासरी. या सगळ्यात जे ज्ञान लागतं ते आजीकडे असायचं आणि आजी तिच्याच घरात, तिच्याच स्वयंपाकघरात असायची, शेजारपाजार ओळखीचा, हाताखाली दोन माणसं. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढे नेमकं हेच बदललं.

पहिला बदल अमेरिकेनं नाही केला, मुंबईनं केला. बँक, एलआयसी, टेलिफोन, मंत्रालय अशा ठिकाणी बायका नोकरीला लागल्या, १९६१ च्या मॅटर्निटी बेनिफिट कायद्यानं बारा आठवड्यांची पगारी रजा दिली (ती सव्वीस आठवडे व्हायला २०१७ साल उजाडलं), आणि बारा आठवडे संपले की बाळाला कोण सांभाळणार हा प्रश्न उभा. पाळणाघरं होती पण थोडी, आणि घरच्यांना तान्हं मूल तिथे ठेवायचं म्हणजे जिवावर यायचं. मग कोकणातून, साताऱ्याहून सासूबाई किंवा आई मुंबईच्या दोन खोल्यांत येऊन राहायला लागल्या. म्हणजे नातवंडासाठी आपलं घर सोडून दुसऱ्याच्या घरात राहायला जायचं हे आधी इथेच सुरू झालं, तेव्हा प्रवास एसटीचा होता आणि कंटाळा आला तर चार दिवस गावी जाऊन येता यायचं.

आता अमेरिका. १९४६ च्या कायद्यानं वर्षाला फक्त १०० भारतीयांना तिथे कायमचं राहायला जाता येत होतं, त्याआधी तर दारच बंद होतं. १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी हे दार उघडणाऱ्या नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली, तो पूर्ण लागू झाला १९६८ च्या जुलैपासून, आणि त्याच १९६५ साली म्हाताऱ्यांसाठीची मेडिकेअर योजना आल्यामुळे तिथे डॉक्टरांची गरज वाढली. मग आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनियर निघाले. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, तिकडच्या सगळ्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं, यावरून ती पिढी कधी स्थिरावली ते कळतं.

पण या पिढीच्या बायकांची बाळंतपणं बहुतेक आईशिवाय झाली. एअर इंडियाचं न्यूयॉर्कचं विमान १९६० पासून होतं, तिकीट मात्र मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर. परकीय चलनाची टंचाई इतकी की बाहेर जाणाऱ्याला बरोबर आठ डॉलर नेता यायचे, पी फॉर्म भरून रिझर्व्ह बँकेची परवानगी घ्यावी लागायची. फोन म्हणजे ट्रंक कॉल बुक करून वाट बघत बसायचं, बाकी सगळं निळ्या एरोग्रामवर. अशा वेळी आईची जागा मंडळातल्या दुसऱ्या मराठी बायकांनी घेतली, कुणी लाडू करून आणले, कुणी बाळाला न्हाऊ घातलं. काही घरांनी तर उलटं केलं, बाळालाच वर्ष-दोन वर्षं इकडे आजी-आजोबांकडे ठेवलं. त्या बायकांनी ते कसं निभावलं असेल याचा विचार केला की मला आजही गलबलून येतं, कारण त्यांचं कुणी फारसं लिहूनही ठेवलं नाही.

इथे एक प्रश्न येतो की मुळात एवढ्या श्रीमंत देशात बाळ सांभाळायला आजी का लागावी. त्याचं उत्तर बरंचसं ९ डिसेंबर १९७१ या तारखेत आहे. त्या दिवशी अध्यक्ष निक्सन यांनी देशभर सरकारी मदतीची बालसंगोपन केंद्रं उभी करणारा, संसदेनं मंजूर केलेला कायदा नाकारला. त्यानंतर तसं काही परत उभं राहिलंच नाही. १९९३ च्या कायद्यानं बारा आठवड्यांची रजा मिळाली पण तीही बिनपगारी, आणि ती सुद्धा पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी. हॉस्पिटलमधून तर त्याआधीच इतक्या घाईनं घरी पाठवायचे की शेवटी १९९६ मध्ये कायदा करून विमा कंपन्यांना सांगावं लागलं, साध्या बाळंतपणाला किमान ४८ तास आणि सिझेरियनला ९६ तास द्या. म्हणजे कुठे आपला सव्वा महिना आणि कुठे हे दोन दिवस. वर डे केअर इतकं महाग की आज कॅलिफोर्नियात बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) तान्ह्या बाळाला महिन्याला दोन हजार डॉलरच्या पुढे लागतात.

याच सरकारनं १९८६ मध्ये ओ पेअर नावाची योजना सुरू केली, ज्यात परदेशातली १८ ते २६ वयाची अनोळखी मुलं-मुली रीतसर व्हिसावर येऊन एखाद्या घरात राहतात, आठवड्याला ४५ तासांपर्यंत मुलं सांभाळतात आणि त्यांना हातखर्चाला पैसे मिळतात. अनोळखी मुलीसाठी व्हिसा आहे. सख्ख्या आजीसाठी असा कुठलाही व्हिसा नाही, ना तेव्हा ना आता. हे मला फार खटकतं.

मग आलं १९९० चं दशक. १९९० च्या कायद्यानं एच-१बी हा नोकरीचा व्हिसा आणला, वर्षाला ६५,००० ची मर्यादा. वायटूकेच्या (२००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखा बिघडतील या भीतीच्या) धावपळीत ती वाढवली आणि २००१ ते २००३ या वर्षांत ती १,९५,००० होती. त्यात सगळ्यात मोठा वाटा भारतीयांचा, आणि त्यात पुणे-मुंबईची मुलं-मुली भरपूर. ही मंडळी तिशीच्या आतबाहेरची, लग्न झालेली किंवा होऊ घातलेली, म्हणजे बाळं होणार ती तिकडेच. आता गंमत नाही, खरी अडचण इथे आहे. अमेरिकन नागरिक २१ वर्षांच्या वरचा असेल तर तो आईवडिलांना ग्रीन कार्डवर नेऊ शकतो, त्याला संख्येची मर्यादाही नाही, हे १९६५ पासून आहे. पण नुसतं ग्रीन कार्ड असलेल्याला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही, नागरिकच व्हावं लागतं. आणि नोकरीच्या ग्रीन कार्डांवर कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. तोवर बाळ होतं, शाळेत जातं, कॉलेजला लागतं. आईवडिलांना न्यायचा हक्क मिळेपर्यंत आईवडिलांची गरज संपलेली असते, आणि बरेचदा आईवडिलांची तब्येतही.

मधला एकच रस्ता राहतो, बी-२ म्हणजे टुरिस्ट व्हिसा. भारतीयांना तो सहसा दहा वर्षांचा मिळतो, पण एका खेपेला राहता येतं साधारण सहा महिने, कारण तिथल्या नियमातच लिहिलंय की बी-२ वर आलेल्याला किमान सहा महिने द्यावेत. ९/११ नंतर, एप्रिल २००२ मध्ये, हे सहा महिने काढून टाकून बहुतेकांना ३० दिवसांवर आणायचा प्रस्ताव सरकारनं मांडला होता. तो मागे पडला. तो मंजूर झाला असता तर आपल्याकडच्या हजारो घरांचं गणित तिथेच कोसळलं असतं.

त्या सहा महिन्यांतून मग एक पद्धतच तयार झाली. आधी मुलीची आई जाते, बाळंतपण काढते, ती परतायच्या आठवड्यात सासूबाई पोचतात, त्यांचे सहा महिने, आणि बाळ वर्षाचं झालं की डे केअर. दोन्ही विहिणी एकमेकींना विमानतळावर भेटून औषधांची, दुपट्यांची, कुठल्या डब्यात काय आहे याची माहिती देतात. वडिलांची पेन्शन असेल तर नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याचं बघून तिकीट काढायचं (२०१४ पासून तो ऑनलाइन करता येतो, तरी बँकेत जाऊन सही करून आल्याशिवाय अनेकांना चैन पडत नाही). विमा वेगळा, आणि तो आधीपासून असलेल्या बीपी-शुगरला नीट कव्हर देत नाही, म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट बॅगेत, दात आणि डोळे जायच्या आधीच दाखवून घ्यायचे.

व्हिसाची मुलाखत आधी ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये व्हायची, भल्या सकाळी फुटपाथवर रांग, २०११ च्या शेवटी अमेरिकेचं कॉन्सुलेट बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) गेलं. मुलाखतीला जाताना प्रत्येक आईला कुणीतरी बजावतंच, "बाळ सांभाळायला चाललेय" असं म्हणू नका, "मुलीला भेटायला" म्हणा. कारण टुरिस्ट व्हिसावर काम करायला मनाई आहे आणि अधिकाऱ्याला आयाचं काम वाटलं तर व्हिसा जाईल ही भीती. आयुष्यभर खोटं न बोललेली बाई त्या खिडकीपुढे घाबरीघुबरी होते, आणि जे तिनं सगळ्यात अभिमानानं सांगितलं असतं तेच तिला गिळावं लागतं.

तिकडे गेल्यावर काय, तर रात्री दोन वेळा उठणं, बाळाचं तेल-अंघोळ, बाळंतिणीचं वेगळं जेवण, जावयाचा डबा, मोठं भावंड असेल तर त्याला बसपर्यंत सोडणं. गाडी चालवता येत नाही, फुटपाथवर माणूस दिसत नाही, डिसेंबरात तर चार वाजता अंधार. एडिसन किंवा फ्रीमाँटसारख्या भारतीय वस्तीच्या ठिकाणी निदान बागेत आपली चार माणसं भेटतात, इतरत्र आजी-आजोबा दिवसभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतात. २०१५ च्या मे महिन्यापासून एच-४ वरच्या (म्हणजे एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या व्हिसावरच्या) काही जणींना नोकरीची परवानगी मिळाली, ते फार चांगलं झालं, पण त्या घरांत आजीची गरज उलट वाढली.

बाकीचे देश काय करतात तेही बघण्यासारखं आहे. ब्रिटननं जुलै २०१२ पासून आईवडिलांना कायमचं नेणं जवळजवळ अशक्य केलं, कारण अट अशी की त्यांना अंघोळ, कपडे, स्वयंपाक यासाठी दुसऱ्याची मदत लागत असली पाहिजे आणि ती मदत मायदेशात पैसे देऊनही मिळत नसली पाहिजे. म्हणजे नातवाला उचलून घेऊ शकणारी आजी त्यात बसूच शकत नाही. ऑस्ट्रेलियात पैसे भरून लवकर मिळणारा पेरेंट व्हिसा चाळीस हजार डॉलरच्या पुढे जातो आणि न भरता मिळणाऱ्याची रांग तीस वर्षांची, म्हणून २०१९ पासून तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा काढलाय. कॅनडानं मात्र मला वाटतं सगळ्यात समजूतदार रस्ता काढला. नोव्हेंबर २०११ मध्ये आईवडिलांचे कायमचे अर्ज घेणं थांबवलं पण लगेच १ डिसेंबरपासून सुपर व्हिसा आणला, एका खेपेला दोन वर्षं, जुलै २०२२ पासून पाच वर्षं. विमा महाग आहे, मुलाच्या कमाईची अट आहे, पण निदान आजीला बाळ चालायला लागेपर्यंत थांबता येतं.

कोविडनं या सगळ्या व्यवस्थेचा कणा किती नाजूक आहे ते दाखवलं. २३ मार्च २०२० ला आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, काही आज्या तिकडे अडकल्या, काही इकडे राहिल्या आणि मुलींनी मास्क लावून एकटीनं बाळंतपणं काढली. नियमित उड्डाणं परत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं, आणि मग व्हिसाच्या रांगा. २०२२ च्या शेवटी मुंबईत टुरिस्ट व्हिसाच्या नव्या मुलाखतीसाठी अडीच वर्षांच्या पुढची वाट होती. मुलीला दिवस गेल्याची बातमी कळल्या दिवशी अर्ज केला तरी आजीला खिडकीपुढे उभं राहेपर्यंत बाळ बोलायला लागलेलं असणार.

त्यानंतर रांगा कमी झाल्या, पण सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरच्यांना मुलाखतीतून मिळणारी सूट काढून घेतलीय. सध्याच्या नियमानुसार जुना टुरिस्ट व्हिसा संपून बारा महिन्यांच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केला तर मुलाखत टळू शकते. तेव्हा ज्यांच्या घरी पुढच्या वर्षी तिकडे पाळणा हलणार आहे त्यांनी आईवडिलांचे पासपोर्ट आत्ताच कपाटातून काढून व्हिसाची तारीख बघून ठेवा.