दुधातल्या पांढऱ्या पेशी: कासदाह समजून घेण्याची सव्वाशे वर्षे

१८८७ साली फ्रान्समध्ये नोकार आणि मोलेरो यांनी गाईंच्या संसर्गजन्य कासदाहामागे (कासेला सूज आणणारा आजार, मॅस्टायटिस) स्ट्रेप्टोकॉकस जीवाणू असल्याचे दाखवले. त्याच्या पाच वर्षे आधी इटलीतल्या मेसिना येथे शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांना तारामाशाच्या अळीत खुपसलेल्या काट्याभोवती जमलेल्या, परके कण गिळणाऱ्या भक्षक पेशी दिसल्या होत्या. कासेच्या बाबतीत या दोन शोधांची सांगड लागायला बरीच वर्षे गेली. तोवर दुधातली पेशी म्हणजे पू, एवढाच अर्थ घेतला जाई. १९१० मध्ये प्रेस्कॉट आणि ब्रीड यांनी ०.०१ मिली दूध काचेवर १ चौरस सेंटिमीटरभर पसरून, रंगवून पेशी मोजायची रीत दिली, तीही दूध कितपत चांगले हे ठरवण्यासाठीच.

गोठ्यापर्यंत ही मोजणी पोचली ती १९५७ च्या कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्टमुळे. शाल्म आणि नूरलँडर यांच्या या चाचणीत पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्यायच्या, चारही सडांचे साधारण २-२ मिली दूध चार खणांच्या तबकडीत घ्यायचे, तितकेच द्रावण घालून १० सेकंद गोल फिरवायचे आणि लगेच बघायचे. द्रावणातला डिटर्जंट पेशी फोडतो, आतला डीएनए सुटून दूध चिकट होते. उशीर केला तर चिकटपणा मोडतो आणि आजारी सड निरोगी ठरतो. उलट, चिकाच्या दिवसांत आणि आटत आलेल्या गाईत आजार नसतानाही दूध घट्ट होऊ शकते.

या पेशी गाईला वाचवतात का, हा खरा प्रश्न होता. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या शाल्म गटाने १९६४ मध्ये दाखवले की कासेच्या ज्या कप्प्यात पांढऱ्या पेशी आधीच भरपूर आहेत, तिथे कोलिफॉर्म (ई. कोलायसारखे) जीवाणू सोडले तरी रुजत नाहीत. १९७६ चा प्रयोग त्याहून बोलका. जुनाट स्टॅफिलोकॉकस कासदाह असलेल्या गाईंना घोड्यात तयार केलेला, पांढऱ्या पेशी नष्ट करणारा सीरम दिला. रक्तातले न्यूट्रोफिल (जीवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) घसरले आणि दबून असलेला आजार कास सडवणाऱ्या गँगरीनवर गेला. म्हणजे वरवर शांत दिसणाऱ्या कासेत या पेशी रोज झुंजत होत्या.

तरीही गाय हरते कशी? एक कारण दुधातच आहे. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात दाखवले की दुधात उतरलेला न्यूट्रोफिल स्निग्धांशाचे गोळे आणि केसीन हे दुधातले प्रथिनही गिळतो. त्याची मारक शक्ती त्यात खर्च होते आणि जीवाणूसाठी थोडीच उरते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस तर गिळला गेल्यावरही आत जिवंत राहू शकतो. तिथे बरीच प्रतिजैविके पोचत नाहीत, म्हणून सडात औषधाची नळी सोडूनही कासदाह उलटतो.

दुसरे कारण वेळ. निरोगी दुधात मिलिलिटरला लाखाच्या आत पेशी असतात आणि त्यात मॅक्रोफेज (पहारा देणाऱ्या भक्षक पेशी) मोठ्या संख्येने असतात. धोका ओळखून ते आणि सड-कासेच्या आतल्या अस्तराच्या पेशी रासायनिक हाक देतात, मग रक्तातून न्यूट्रोफिल धावतात. ई. कोलाय अर्ध्या तासाला दुप्पट होत असेल, तर एकाचे सहा तासांत चार हजारांवर आणि बारा तासांत दीड कोटींवर जीवाणू होतात. इंग्लंडच्या कॉम्प्टन केंद्रातल्या कामातून १९८१ पर्यंत स्पष्ट झाले की नुकत्याच व्यालेल्या गाईत ही कुमक उशिरा पोचते आणि तिथेच आजार गंभीर होतो.

विण्याच्या सुमारास न्यूट्रोफिल मंद पडतात, हे अमेरिकेत आयोवातल्या एम्सच्या संशोधन केंद्रात १९८० च्या दशकाअखेर मोजले गेले. त्याच केंद्रातल्या संशोधकांनी १९९२ मध्ये बीएलएडी या आनुवंशिक दोषामागचा जनुकीय बदल शोधला. त्यात न्यूट्रोफिलला रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटताच येत नाही, त्यामुळे तो रक्तातून बाहेरच पडत नाही. हा दोष होल्स्टीन वंशात लोकप्रिय वळूंच्या वीर्यातून पसरला. आपल्याकडे संकरित गाईंचे कळप होल्स्टीनवर उभे असल्याने वीर्य केंद्रांत वळूंची ही तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी.

मग या पेशींना बळ कसे द्यायचे? ओहायोतल्या १९८४ च्या प्रयोगात भाकडकाळात (विण्याआधी दूध बंद असताना) ई जीवनसत्त्व दिल्यावर कासदाह घटला. आज भाकड गाईला दिवसाला साधारण १,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) सुचवतात. २०१६ मध्ये अमेरिकेत पेगबोविग्रास्टिमला मंजुरी मिळाली. अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिल वाढवणाऱ्या या औषधाचे एक इंजेक्शन विण्याच्या अंदाजे तारखेच्या सात दिवस आधी आणि दुसरे व्याल्यावर २४ तासांत द्यायचे असे. पेशी वाढतात, पण दुधात उतरल्यावर स्निग्धांश आणि केसीन गिळण्याची त्यांची अडचण तशीच राहते.