द ॲरिस्टोक्रॅट्स

द ॲरिस्टोक्रॅट्स : अमेरिकन विनोदकारांच्या व्यवसायात तोंडी परंपरेने चालत आलेला एक अश्लील चुटका, तसेच त्याच नावाचा, २००५ मध्ये प्रदर्शित झालेला इंग्रजी माहितीपट. माहितीपटाचे दिग्दर्शन विनोदकार पॉल प्रोव्हेंझा यांनी केले असून त्याची कल्पना व निर्मिती यांत ‘पेन अँड टेलर’ या जादूगार जोडीतील पेन जिलेट यांचा त्यांच्याबरोबरीचा वाटा आहे. सुमारे शंभर विनोदकार हा एकच चुटका सांगतात, त्याच्याविषयी बोलतात किंवा तो सांगण्याचे टाळतात, एवढाच या माहितीपटाचा विषय आहे. तरीही अश्लील विनोदाची घडण, त्याचे आकर्षण आणि विनोदकारांची आपसांतील भाषा यांच्या अभ्यासासाठी इतके सलग व तौलनिक साहित्य अन्यत्र क्वचितच एकत्र सापडते.

चुटक्याची चौकट ठरलेली आहे. कलावंतांना कामे मिळवून देणाऱ्या एजंटाच्या कचेरीत एक गृहस्थ येतो आणि आपल्या कुटुंबाचा रंगमंचीय खेळ पाहावा अशी विनंती करतो. खेळात काय असते, असे एजंट विचारतो. यावर तो गृहस्थ जे वर्णन करतो, किंवा काही पाठांत ते कुटुंब प्रत्यक्ष जे करून दाखवते, त्यात मलमूत्र, निषिद्ध शरीरसंबंध, हिंसा, पशू, वडीलधाऱ्यांची विटंबना असे सांगणाऱ्याला सुचेल ते सर्व येते. स्तंभित झालेला एजंट शेवटी खेळाचे नाव विचारतो आणि उत्तर मिळते, ‘द ॲरिस्टोक्रॅट्स’, म्हणजे ‘खानदानी उमराव’. काही पाठांत या नावाऐवजी ‘द सॉफिस्टिकेट्स’ किंवा ‘द डेबोनेअर्स’ असे दुसरे सुसंस्कृतपणा सुचवणारे नाव येते. आरंभ आणि शेवट मिळून चार-पाच वाक्यांचे आहेत. मधला भाग मात्र पूर्णपणे मोकळा असून तो सांगणाऱ्याने ऐन वेळी रचायचा असतो. त्यामुळे एकाच चुटक्याचे कथन अर्ध्या मिनिटात संपू शकते आणि अर्धा तासही चालू शकते. शेवटची ओळ दुबळी आहे हे माहितीपटात अनेक विनोदकार स्वतःच मान्य करतात. ते खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे, कारण ज्या चुटक्याचा शेवट ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतो आणि फारसा हसवतही नाही, त्यात सांगणाऱ्याच्या कसबाखेरीज पारखण्यासारखे काही उरत नाही.

उगम : हा चुटका व्हॉडव्हिलच्या काळातला आहे असे सामान्यतः मानले जाते आणि माहितीपटातही हेच मत मांडलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत अमेरिकेत लोकप्रिय असलेला व्हॉडव्हिल हा गाणी, कसरती, जादू, प्राण्यांचे खेळ आणि विनोदी प्रवेश यांचा मिश्र कार्यक्रम होता. न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर हे त्याचे सर्वांत मानाचे नाट्यगृह. तेथील निव्वळ व्हॉडव्हिलचे खेळ १९३२ मध्ये थांबले आणि हाच या प्रकाराचा शेवट समजण्याची प्रथा आहे. चुटका जुना असल्याच्या बाजूने मुख्यतः दोन पुरावे दिले जातात. पहिला पुरावा वयोवृद्ध व्यावसायिकांच्या आठवणींचा आहे. जादूगार व शब्दभ्रमकार जे मार्शल (१९१९–२००५) यांच्यासारख्या ज्येष्ठांची साक्ष माहितीपटात याच कारणासाठी घेतलेली आहे. दुसरा पुरावा चुटक्याच्या अंतरंगातला आहे. एजंटाची कचेरी, एका ओळीत सांगता येईल असे खेळाचे नाव आणि संपूर्ण कुटुंबाने मिळून करायचा खेळ या तिन्ही गोष्टी व्हॉडव्हिलच्याच आहेत. जॉर्ज कोहन याचे कुटुंब ‘फोर कोहन्स’ या नावाने आणि एडी फॉय आपल्या सात मुलांसह रंगमंचावर येत असे. ‘थ्री कीटन्स’ या खेळात तर बाप आपल्या लहान मुलाला रंगमंचावर अक्षरशः इकडून तिकडे फेकत असे. तो मुलगा म्हणजे पुढे मूकपटांत विख्यात झालेला बस्टर कीटन. न्यूयॉर्कमधील बालसंरक्षण संस्थेने या खेळाला वारंवार हरकत घेतली होती. सभ्य नाव धारण करणारे कुटुंब आणि त्याचा भयंकर खेळ या कल्पनेला, म्हणजे, वास्तवात काही आधार नव्हता असे म्हणता येत नाही.

तथापि हे दोन्ही पुरावे निर्णायक नाहीत. आठवणी दीर्घ काळानंतर सांगितलेल्या आहेत, आणि चुटक्यातील प्रसंग ज्या काळातला आहे त्याच काळात चुटकाही रचला गेला असे मानण्यास तर्कशास्त्रात आधार नाही. राजा-प्रधानाच्या गोष्टी राजेशाही गेल्यावरही रचल्या जातात, त्याप्रमाणे व्हॉडव्हिल संपल्यानंतर त्या व्यवसायात उमेदवारी केलेल्यांनी गंमत म्हणून हा चुटका रचला असणेही शक्य आहे. अश्लील विनोदाचा प्रचंड संग्रह करणारे अमेरिकन लोकविद्याभ्यासक गर्शन लेगमन (१९१७–९९) यांनी आपल्या द्विखंडात्मक ग्रंथाच्या १९७५ मध्ये निघालेल्या दुसऱ्या खंडात या चुटक्याची नोंद घेतली आहे. पहिला खंड १९६८ मध्ये निघाला होता. छापील आधार असा उत्तरकालीन असला, तरी उघडपणे छापता न येणाऱ्या साहित्याच्या बाबतीत छपाईच्या वर्षावरून चुटका त्यापूर्वीचा आहे एवढेच ठरते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. उपलब्ध साधने पाहता चौकट जुनी, बहुधा व्हॉडव्हिलच्या अखेरच्या काळातील किंवा त्यानंतर लवकरच तयार झालेली, आणि मधल्या भागाचा आजचा बेसुमार विस्तार मात्र नाइट क्लबांतील एकपात्री विनोद रुजल्यानंतरचा, असे दोन थर मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

व्हॉडव्हिलशी असलेला संबंध आणखी एका कारणाने विचारात घ्यावा लागतो. या धंद्यातील मोठे मालक बी. एफ. कीथ यांच्या नाट्यगृहांत कौटुंबिक प्रेक्षक यावेत म्हणून भाषेवर इतका कडक पहारा असे, की त्या साखळीला विनोदाने ‘संडे स्कूल सर्किट’, म्हणजे मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या रविवारच्या शाळांची साखळी, म्हणत. साधा ‘स्लॉब’ (गबाळा) हा शब्द उच्चारला तरी काम जाईल, अशी ताकीद पडद्यामागे लावलेली असे. व्यवस्थापक आक्षेपार्ह ओळी गाळण्याचे हुकूम निळ्या पाकिटातून कलावंताकडे पाठवत आणि त्यावरून अश्लील मजकुराला इंग्रजीत ‘ब्लू’ म्हणू लागले, अशी व्युत्पत्ती नेहमी सांगितली जाते. ती टिकणारी नाही. जॉन मॅकटॅगर्ट यांच्या १८२४ मधील स्कॉटिश कोशात गाण्यातील वा बोलण्यातील चावटपणाच्या छटेला ‘थ्रेड ओ ब्लू’ म्हटलेले आहे. हा दाखला कीथ यांच्या नाट्यगृहांपूर्वी किमान सहा दशकांचा आहे. पाकिटांची प्रथा खरी असली, तरी तिने आधीच रूढ असलेल्या शब्दाला फार तर बळकटी दिली असेल. या पहाऱ्याचा आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा परिणाम निराळाच आहे. प्रेक्षकांसमोर जे बोलता येत नव्हते ते खेळ संपल्यावर सहकाऱ्यांत बोलण्याची रीत पडली. ‘द ॲरिस्टोक्रॅट्स’ हा दीर्घकाळ अशाच बैठकींचा, एका विनोदकाराने दुसऱ्याला सांगण्याचा चुटका राहिला.

माहितीपट : एकाच रागाची मांडणी वेगवेगळे गायक कशी करतात हे ऐकावे, तसा एकच चुटका अनेकांच्या तोंडून ऐकावा, ही या माहितीपटामागची भूमिका आहे, निर्मात्यांसमोर अर्थातच जॅझ संगीतातील उपजेचा आदर्श होता. चित्रण साध्या, हातात धरण्याच्या डिजिटल कॅमेऱ्यांनी, घरी, हॉटेलांत आणि रंगपटांत केले आहे. जॉर्ज कार्लिन, रॉबिन विल्यम्स, व्हूपी गोल्डबर्ग, डॉन रिकल्स, फिलिस डिलर, बिली कॉनोली, एरिक आयडल, एडी इझार्ड, जॉन स्टुअर्ट इत्यादींचा त्यात सहभाग आहे. कौटुंबिक मालिकेतील सोज्ज्वळ पित्याच्या भूमिकेने घरोघर पोहोचलेले बॉब सॅगेट यांचे कथन सर्वांत बीभत्स कथनांपैकी एक आहे. सारा सिल्व्हरमन ते कुटुंब आपलेच होते अशा थाटात, बालपणाची आठवण सांगावी तसा चुटका सांगतात आणि हसता हसता ऐकणाऱ्याला अस्वस्थ करतात. केव्हिन पोलाक तो अभिनेता ख्रिस्तोफर वॉकन यांच्या आवाजात सांगतात, एरिक मीड पत्त्यांच्या जादूतून, तर बिली द माइम एकही शब्द न उच्चारता मूकाभिनयातून. वेंडी लीबमन यांनी रचनाच उलटी केली आहे. त्यांच्या कथनात खेळ अत्यंत सुसंस्कृत असतो आणि नाव तेवढे शिवराळ. अश्लीलता आणि सभ्यता यांचे अंतर हाच चुटक्याचा गाभा आहे, शब्द नव्हेत, हे या एका पाठावरून सिद्ध होते.

माहितीपटाचा कळस म्हणजे गिल्बर्ट गॉटफ्रीड यांचे कथन. २९ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथे विनोदकारांच्या फ्रायर्स क्लबने ‘प्लेबॉय’ मासिकाचे प्रकाशक ह्यू हेफ्नर यांचा ‘रोस्ट’, म्हणजे सत्कारमूर्तीची जाहीर टवाळी करण्याचा समारंभ, आयोजित केला होता. जागतिक व्यापार केंद्रावरील हल्ल्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. आपल्या विमानाला एम्पायर स्टेट बिल्डिंगवर थांबा घ्यावा लागणार आहे, अशा आशयाचा विनोद गॉटफ्रीड यांनी करताच सभागृहातून नाराजी उमटली आणि हे फार लवकर होते आहे, असे कोणीतरी ओरडले. त्यावर त्यांनी हा चुटका सुरू केला आणि समोर बसलेले विनोदकार अक्षरशः लोळू लागले. समारंभ दूरचित्रवाणीवर दाखवताना हा भाग वगळण्यात आला; माहितीपटात मात्र त्याचे चित्रण आहे. शोकाच्या काळात हल्ल्यावरचा सौम्य विनोद असह्य व्हावा आणि त्याहून शतपटींनी बीभत्स, परंतु वास्तवाशी संबंध नसलेला चुटका दिलासा देणारा ठरावा, हे या प्रसंगाचे मर्म आहे.

अश्लील विनोदाचे आकर्षण : याविषयी पाश्चात्त्य मते सुपरिचित आहेत. फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये अश्लील विनोदाला दडपलेल्या प्रेरणांची सुटका मानले. रशियन साहित्यमीमांसक बाख्तीन यांनी शरीराच्या अधोभागाचा विनोद हा लोकोत्सवातील प्रतिष्ठाभंगाचा भाग असल्याचे प्रतिपादन केले. अमेरिकन संशोधक मॅग्रॉ व वॉरन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार नियमभंग झाला आहे आणि तो निरुपद्रवी आहे, हे एकाच वेळी जाणवल्यास हसू येते. यांपैकी शेवटचे मत गॉटफ्रीड यांच्या प्रसंगाला विशेष लागू पडते. तथापि संस्कृत काव्यशास्त्रातील विवेचन या चुटक्याच्या बाबतीत अधिक नेमके उपयोगी पडते आणि त्याकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही. वामनाने (साधारणपणे इ. स. आठव्या शतकाची अखेर वा नवव्याचा आरंभ) अश्लील या दोषाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार सांगितले आणि अकराव्या शतकाच्या सुमारास मम्मटाने तेच स्वीकारले. लाज आणणारे, किळस आणणारे आणि अशुभ सुचवणारे अशी ही विभागणी आहे. मराठीत ‘अश्लील’ म्हणताना आपण बहुधा पहिलाच प्रकार गृहीत धरतो. ‘द ॲरिस्टोक्रॅट्स’च्या बहुतेक कथनांत या तिन्हींचे मिश्रण असते आणि कुशल सांगणारा एका प्रकारातून दुसऱ्यात अनपेक्षितपणे जातो. निव्वळ लज्जास्पद तपशिलांची रास रचणारी कथने लवकर कंटाळवाणी होतात, हे माहितीपट पाहताना सहज लक्षात येते. मम्मटाचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. अश्लील हा दोष नित्य नसून सुरतगोष्ठीसारख्या, म्हणजे प्रणयविषयक गप्पांच्या, प्रसंगी तो गुण ठरतो, असे तो सांगतो. गोष्ठी म्हणजे समानशीलांची, परस्परांना ओळखणाऱ्यांची बैठक. विनोदकारांच्या मध्यरात्रीच्या बैठकीत जो चुटका कौशल्याची कसोटी ठरतो, तोच अनोळखी श्रोत्यांसमोर केवळ घाण ठरतो. फरक श्रोतृवर्गाचा आहे, शब्दांचा नाही.

अमेरिकन न्यायालयांनी हा भेद नेहमीच मानला असे नाही. विनोदकार लेनी ब्रूस यांना न्यूयॉर्कमधील प्रयोगांतील भाषेबद्दल १९६४ मध्ये दोषी ठरवण्यात आले. मरणोत्तर माफी मिळाली ती २००३ मध्ये. प्रसारणात उच्चारता न येणाऱ्या ‘सात शब्दां’वरील कार्लिन यांच्या कार्यक्रमाच्या प्रसारणासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने प्रसारण नियामक आयोगाची बाजू उचलून धरली.

माहितीपट जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि जुलैमध्ये वयोगटाच्या प्रमाणपत्राविना प्रदर्शित झाला. त्यात नग्नता नाही आणि हिंसेचे दृश्यही नाही, तरीही एएमसी या चित्रपटगृहसाखळीने तो दाखवण्यास नकार दिला. मांडणीतील पुनरुक्ती आणि अतिजलद संकलन हे त्याचे दोष आहेत. एखादे कथन सलग ऐकायला मिळण्याऐवजी तुकड्यातुकड्यांनी येते आणि कथनशैलीच्या अभ्यासकाला त्याने हळहळ वाटते. स्त्री विनोदकारांची संख्याही कमी आहे, वास्तविक सर्वांत विचारगर्भ पाठांपैकी दोन त्यांचेच आहेत. माहितीपट २३ जानेवारी २००५ रोजी निधन पावलेले ‘द टुनाइट शो’चे सूत्रसंचालक जॉनी कार्सन यांना अर्पण केलेला आहे. हा त्यांचा अत्यंत आवडता चुटका होता, परंतु त्या कार्यक्रमाच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत तो पडद्यावर सांगणे त्यांना शक्य नव्हते. जे मार्शल प्रदर्शनापूर्वी, मे २००५ मध्ये वारले. कार्लिन (२००८), डिलर (२०१२), विल्यम्स (२०१४), रिकल्स (२०१७) यांच्यानंतर सॅगेट व गॉटफ्रीड हे दोघेही २०२२ मध्ये निवर्तले.