शिसपेन्सिलीच्या फरीतला पांढरा केस

प्राण्यांची चित्रं काढायला बसलेल्या नवख्याचं पहिलं मांजर बहुधा साळिंदर होतं. केस म्हणजे काळी रेघ असं धरून तो हजारभर रेघा ओढतो आणि मांजराच्या अंगावर काटे उभे राहतात. हात वाईट नसतो, हिशेब उलटा असतो. फर उजेडात दिसते ती वरच्या उजळ केसांमुळे. गडद असते ती त्यांच्या मधली सावली. आणि पेन्सिलीला नेमकं पांढरंच काढता येत नाही. फरीचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो, असं मला वाटतं.

रंग हाताशी असणाऱ्यांना ही अडचण फारशी नव्हती. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 1502 मध्ये रंगवलेला ससा आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. जेमतेम 25 सेंटिमीटर उंचीचा कागद. आधी तपकिरी पाणरंगाचा पातळ हात, त्यावर ब्रशने गडद केस, आणि मग अपारदर्शक पांढऱ्या रंगाचे बारीक फटकारे. कानावरचे केस आखूड आणि चपटे, छातीवरचे लांब आणि मऊ, पाठीवर दिशा पुन्हा वेगळी. ससा खरा वाटतो तो या बदलत्या दिशांमुळे. केस मोजायला गेलात तर फारसे नाहीतच. बरीच जागा नुसत्या रंगाच्या हातावर सोडलेली आहे. जहांगीरच्या दरबारातले चित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश वापरत, म्हणजे केसानेच केस काढत. चिनी चित्रकार कोरडा ब्रश दाबून त्याचं टोक फाकवत आणि एका फटक्यात केसांचा झुबका उमटवत.

रंग न वापरता काढायचं तर ड्यूररच्या काळात चांदीची टोकदार काडी होती. हाडांच्या राखेचा लेप दिलेल्या कागदावर ती घासली की करडी रेघ उठते. लिओनार्दोने 1480 च्या दशकात अशाच काडीने अस्वलाचं डोकं काढलं, तेही जेमतेम सात सेंटिमीटरच्या चौरसात. या काडीची रेघ खोडता येत नाही आणि दाबूनही फारशी गडद होत नाही. काळोख हवा तर रेघांवर रेघा चढवायच्या. फरीसाठी याहून चांगली तालीम नसेल.

मग ग्रॅफाइट आलं. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेल इथे त्याचा शुद्ध साठा सापडला. मेंढ्यांवर खुणा करायला तो वापरत. लोकांना ते काळं शिसंच वाटलं, आणि ती चूक आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणत अजून चालवतो. ते कार्बन आहे हे 1779 मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेलेने दाखवून दिलं. पण फर काढणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं साल 1795. फ्रान्सचं ब्रिटनशी युद्ध चालू, ग्रॅफाइटचा पुरवठा तुटलेला. तेव्हा निकोला-जाक काँते या फ्रेंच संशोधकाने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळली, कांड्या भट्टीत भाजल्या आणि पेटंट घेतलं. माती जास्त तर कांडी कडक आणि फिकट, कमी तर मऊ आणि काळी. आज डब्यावर दिसणाऱ्या एच (कडक) आणि बी (काळी) यांच्या पायऱ्या याच मिश्रणावर उभ्या आहेत. एकट्या एचबीवर, म्हणजे मधल्या पायरीवर, फर का जमत नाही, तेही इथेच कळतं: केसांच्या मुळाशी हवा तेवढा काळोख ती देत नाही.

काळं मिळालं, पांढऱ्याचं काय? ते पेन्सिलीने दिलंच नाही, खोडरबराने दिलं. त्याआधी पावाच्या चुऱ्याने रेघा पुसत. 1770 मध्ये लंडनचा उपकरणकार एडवर्ड नेर्न रबराचे तुकडे विकत होता, आणि त्याच वर्षी शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टलीने पेन्सिल पुसणाऱ्या या पदार्थाची छापील नोंद केली. तरी खोडरबर बराच काळ चूक मिटवायची वस्तूच राहिला. आज फर काढणारे त्याला पेन्सिलच मानतात: आधी सगळा भाग करडा करायचा, मग रबराचा तुकडा ब्लेडने धारदार कापून त्याने केस ओढायचे. ही उलटी रीत लाकडावर कोरणाऱ्यांना आधीच ठाऊक होती. इंग्रज कोरीवकार थॉमस ब्यूइकच्या 1790 च्या चतुष्पाद प्राण्यांच्या पुस्तकातले ठसे बघा. कोरलेली जागा छापताना पांढरी राहते, त्यामुळे छिन्नीची प्रत्येक ओढ म्हणजे एक उजळ केस.

नंतर छायाचित्रं आली. प्राणी हलायचा थांबला आणि नवखे पुन्हा एकेक केस मोजायला लागले. ते असो.

मिशांसाठी मात्र रबरही जाड पडतो. तिथे संपलेल्या बॉलपेनचं टोक किंवा विणकामाची बोथट सुई कामी येते. कोऱ्या कागदावर दाबून खाच पाडायची. दिसत काहीच नाही. मग पेन्सिल आडवी धरून वरून छटा द्यायची. ग्रॅफाइट खाचेत उतरत नाही आणि लांब पांढरी मिशी आपोआप वर येते. इटालियन चित्रकार राफाएलही धातूच्या कोरड्या टोकाने अशा न दिसणाऱ्या रेघा पाडून मग त्यावर चित्र काढत असे. पेन्सिलीने बाजूला सारलेली धातूची काडी अशी मिशांच्या निमित्ताने परत हातात आली, या वेळी चांदीशिवाय.