मिजराब आणि फिंगर पिक: नाव एकच ‘नखी’, घालायची रीत वेगळी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ‘नखी द्या’ म्हटलं की समोर येते ती तारेची मिजराब, सतार छेडायला तर्जनीत घालतात ती. गावच सतारीचं आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी इथे वाद्यं घडवायला घेतली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या मानाने आमच्या सांगलीत हवाईयन गिटार, म्हणजेच स्टील गिटार, वाजवणारे अगदी मोजके. त्यामुळे गिटार छेडायला बोटात घालायच्या पत्र्याच्या फिंगर पिकलाही इथे सरसकट नखीच म्हणतात. घोटाळा होतो तो या शब्दापायी.

गेल्या पावसाळ्यात विश्रामबागेतून एक मुलगी माझ्याकडे आली. सात वर्षं सतार शिकलेली, हात तयार. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी या गिटारवर वाजवलेले राग ऐकून तिला ओढ लागली होती. ऑनलाइन मागवलेली दोन फिंगर पिकं तिने तर्जनीत आणि मध्यमेत घातली होती, पण तार छेडणारी पत्र्याची जीभ नखावर आणि उघडी बाजू बोटाच्या पेराकडे. पहिल्याच आघाताला तर्जनीतलं पिक निघून गिटारवर पडलं.

“काका, सारखं सुटतंय. अजून घट्ट करू का?”

घट्ट करून ते राहिलं नसतं. नखी म्हणजे नखाच्या जागी घालायची वस्तू, असा तिचा समज होता, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. सतारीच्या नखीचं टोक बोटाच्या पुढे नखासारखंच निघतं. पण फिंगर पिक नखाच्या बाजूला नसतंच. त्याची जीभ बोटाच्या आतल्या, मांसल बाजूला येते, जिथे आपण शाईचा ठसा देतो तिथे.

याचं कारण आघाताच्या दिशेत आहे. सतारीवर एकटी तर्जनी तारेवर दोन्ही बाजूंनी चालते. ‘दा’ या बोलाला बोट तळव्याकडे येतं, ‘रा’ला उलट बाहेर जातं. म्हणून मिजराब पोलादी तारेची. वळवून केलेलं कडं बोटाला सगळीकडून आवळून बसतं आणि तारेचं टोक बोटाच्या पुढे साधारण पाव इंच निघतं. या टोकाला पुढची-मागची बाजू नाही, दोन्हीकडून सारखाच आघात होतो. आवळून बसणं मात्र गरजेचं, कारण टोकाला मागून टेकू द्यायला काहीच नसतं. रियाझ करणाऱ्याच्या तर्जनीवर मिजराबीचा वळ दिसतो तो त्यामुळे.

स्टील गिटार मांडीवर आडवी असते. डाव्या हातात पोलादी दांडी, आणि स्टील हे नाव त्या दांडीवरूनच पडलं. उजवा हात वरून तारांवर येतो. मिठाची चिमूट उचलताना अंगठा आणि दोन बोटं जशी एकमेकांकडे येतात, तशी इथे येतात: अंगठा बाहेर ढकलतो, बोटं तळव्याकडे ओढतात. बोटांनी उलट आघात जवळजवळ नसतोच. ओढताना तार जिभेला मागे रेटते. जीभ मांसल बाजूला असेल तर ती बोटावरच दाबली जाते, बोटाचाच टेकू मिळतो. नखाच्या बाजूला असेल तर तोच रेटा तिला बोटापासून उचलून काढतो. त्या मुलीचं पिक पडलं ते नेमकं असं.

मी तिचं पिक उलटं घातलं आणि तिला फक्त चिमूट उचलायला सांगितली. पत्र्याच्या दोन जिभा अंगठ्याकडे आल्या तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं, की आता यापुढे सांगायची गरज नाही.

बसवण्याचं काम मात्र त्यानंतर अर्धा तास चाललं, आणि यात घाई करू नये. बाजारातून आलेलं पिक कुणाच्याच बोटाचं नसतं. पिकच्या पट्टीची दोन टोकं म्हणजे कान, ते नखाच्या बाजूला वळतात. कान असलेली पट्टी नखाच्या मुळापासून पहिल्या सांध्यापर्यंतच्या जागेत बसली पाहिजे. सांध्यावर चढली तर बोट वाकत नाही, नखावर सरकली तर पिक डुलतं. पकडीच्या तोंडाला जुन्या सुती कापडाची चिंधी गुंडाळायची, म्हणजे पत्र्यावर ओरखडे पडत नाहीत. मग एक कान थोडा, दुसरा थोडा, पुन्हा घालून बघायचं. हात झटकल्यावर पिक हललं नाही आणि पाच मिनिटांनी बोटाचं टोक लाल झालं नाही, की पट्टी बरोबर. मिजराबीसारखं आवळायची इथे गरज नाही. सतारीकडून आलेले सगळे आधी आवळतात.

खरं काम जिभेचं. नवी जीभ बहुतेकदा फारच सरळ असते, आणि सरळ जीभ तारेत घुसून अडकते. ती बोटाच्या टोकाच्या गोलाईबरोबर वर वळली पाहिजे. मी ती पकडीने वळवत नाही. टेबलाच्या गोल कडेवर ठेवून अंगठ्याने हळूहळू दाबत नेतो. बोटाच्या पुढे तीन-चार मिलिमीटर राहिली की पुरे. मग हात तारांवर ठेवून बघायचं, जीभ सपाट लागते की कडेने. हात तिरका येत असेल तर कड लागते आणि खरवड ऐकू येते. अशा वेळी पिक बोटावर किंचित फिरवायचं, हाताची बैठक मोडायची नाही. कडेला धार जाणवली तर बारीक पॉलिश पेपरने घासून टाकावी.

पत्र्याची जाडी इंचात दिलेली असते, ०.०१३ पासून ०.०२५ पर्यंत सहज मिळते. पातळ पत्रा लवकर वळतो आणि तितक्याच लवकर आकार सोडतो. शिकणाऱ्याला मी ०.०१८ किंवा ०.०२० देतो.

अंगठ्याचं पिक हे तिसरंच प्रकरण. ते बहुतेक प्लास्टिकचं किंवा सेल्युलॉइडचं असतं, अंगठ्याभोवती गोल पट्टी आणि बाजूला आडवी निघालेली जीभ. घट्ट असेल तर गॅसच्या आचेवर कधीही धरू नये, सेल्युलॉइड भसकन पेटतं. पाणी उकळून खाली उतरवायचं, चिमट्याने पिक त्यात काही सेकंद बुडवायचं, मऊ झालं की जाड मार्करवर चढवून आकार द्यायचा आणि लगेच गार पाण्यात टाकायचं. एकदा जमलं नाही तर पुन्हा करावं. जीभ लांब वाटली तर कानशीने थोडी कमी करावी. लांब जीभ तारांखाली जाऊन अडकते आणि मग सगळ्या हाताचा तोल जातो.

आता प्रश्न असा, की घरात मिजराब आहे तर तीच गिटारला का चालवू नये? काही वादक बोटात तारेच्याच नख्या घालून गिटार वाजवतात, मी पाहिलं आहे, आणि ज्यांचा हात तसा बसला आहे त्यांचं चांगलंही वाजतं. पण नवशिक्याला मी ते सुचवत नाही. मांडीवरच्या अकौस्टिक गिटारच्या तारांच्या संचात पहिली तार बहुधा ०.०१६ इंचाची आणि सहावी, गुंडाळलेली, ०.०५६ इंचाची असते. एवढ्या जाड गुंडाळलेल्या तारेवर मिजराबीचं बारीक टोक घासलं की खर्रर आवाज येतो आणि स्वर बारीक लागतो. पत्र्याची रुंद जीभ तारेला पुरती भिडते, स्वर भरून येतो. उलट बाजूनेही तेच खरं. सतारीवर फिंगर पिक घातलं तर ‘दा’ निघेल, ‘रा’ मात्र जिभेच्या पाठीवर जाईल, आणि तिथे टेकू नाही.

आणखी एक गोष्ट सतारीकडून येणाऱ्यांना जड जाते. वाजत्या तारेवर धातूची जीभ परत टेकली की ‘टिक्’ असा आवाज येतो. त्यामुळे तार आधी तळव्याच्या कडेने थांबवायची, मग जीभ टेकवून लगेच सोडायची. मुलीला यालाच सगळ्यात जास्त दिवस लागले, श्रावण संपेपर्यंत.

उन्हाळ्यात सांगलीत बोटं सुजल्यासारखी होतात, घाम येतो, पिक फिरतं. कान पुन्हा आवळण्याआधी बोट पुसून पाहावं. त्यानेही राहिलं नाही तर व्हायोलिनच्या राळेची किंचित पूड बोटाला लावावी. आणि एकदा बसवलेली पिकं एकमेकांत मिसळू देऊ नयेत, तर्जनीचं मध्यमेला बसत नाही. त्या मुलीने तर्जनीच्या पिकला आतून लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला आहे.