नर गिनीपिग : जननांगांची निगा व विकार (बेळगाव सीमाभाग)

गिनीपिग हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांत हजारो वर्षांपूर्वी माणसाळलेला कुरतडणारा प्राणी. शास्त्रीय नाव कॅव्हिया पोर्सेलस. सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला आणि पुढे प्रयोगशाळांतून व घराघरांतून जगभर पसरला. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण 900 ते 1200 ग्रॅम भरते आणि नीट सांभाळला तर तो 5 ते 8 वर्षे जगतो. नराच्या मागच्या भागाची रचना मादीपेक्षा वेगळी असते. वय वाढते तसे तो भाग स्वतः स्वच्छ ठेवणे त्याला जमेनासे होते. त्यातून होणारे बहुतेक विकार पोटाखाली, नजरेआड सुरू होतात आणि बहुधा उशिरा कळतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील मराठी घरांत गिनीपिग येतो तो मुलांच्या हट्टापायी. मुले त्याला पेरूची फोड देतात, शिट्टीसारखा आवाज काढायला लावतात, मांडीवर घेऊन बसतात. पण त्याला उचलून खालची बाजू कोणी पाहत नाही. ‘त्या जागेचं काय बघायचं’ असा संकोच मोठ्यांनाही असतो आणि नेमका तोच या प्राण्याच्या मुळावर येतो. म्हशीची कास रोज हाताने चाचपणाऱ्या घरात तरी हा संकोच असू नये.

रचना

नराच्या गुदद्वाराभोवती व शिश्नाच्या मागे कातडीची खोल घडी असते. तिला गुदाजवळची पिशवी म्हणता येईल. तिच्या आत गंधग्रंथी असून त्यांतून तेलकट, उग्र वासाचा स्राव पाझरतो. नर बूड जमिनीला घासत चालतो, तेव्हा तो याच स्रावाने आपली हद्द आखत असतो. हा वास म्हणजे आजार नव्हे. पाठीच्या शेवटी, जिथे शेपूट असायला हवी होती तिथे, आणखी एक तेलग्रंथी असते. नरात ती जास्त काम करते, त्यामुळे तिथले केस चिकट व काळपट होतात.

वृषण शरीराच्या मानाने बरेच मोठे असतात आणि गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना फुगवट्यासारखे दिसतात. प्रथमच पाळणारे अनेकजण ‘गाठ आली’ म्हणून घाबरतात. दोन्ही बाजू सारख्या, मऊ आणि न दुखणाऱ्या असल्या तर काळजीचे कारण नाही. एकच बाजू सुजली, कडक झाली, गरम लागली किंवा हात लावताच प्राणी किंचाळला, तर दाह, अंतर्गळ (आतडे खाली उतरणे, हर्निया), भांडणातला चावा किंवा अर्बुद (गाठ, ट्यूमर) यांपैकी काहीतरी असू शकते. जांघेतला ज्या मार्गाने वृषण खाली उतरतात तो मार्ग गिनीपिगात आयुष्यभर उघडा राहतो. नर वृषण पोटात ओढूनही घेऊ शकतो, त्यामुळे ते कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. याच कारणाने खच्चीकरण करताना तो मार्ग शिवून बंद करावा लागतो, नाहीतर आतडे खाली उतरण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेनंतरही सुमारे 6 आठवडे नराला मादीपासून दूर ठेवावे लागते.

शिश्नात बारीक हाड असते. टोकाशी एक छोटी पिशवी असून शिश्न ताठ झाल्यावर तिच्यातून दोन टोकदार, शिंगासारखे काटे बाहेर येतात. पहिल्यांदा पाहणारा हादरतो आणि काहीतरी रुतले आहे असे समजून ते उपटायला जातो. ते त्याच्या शरीराचेच भाग आहेत, त्यांना ओढू नये.

पिशवीत मळ अडकणे

म्हाताऱ्या नरांत सर्वांत जास्त आढळणारा त्रास हाच. गिनीपिग दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कडक लेंड्या पिंजऱ्यात पडतात. मऊ लेंड्या अंधनालात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, तयार होतात. त्यांत ब गटातील जीवनसत्त्वे असतात आणि तो त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. वय झाले, वजन वाढले किंवा सांधे आखडले की त्याला वळता येत नाही. गुदाजवळचे स्नायूही सैल पडतात. मग मऊ लेंड्या पिशवीत साचतात आणि त्यांचा घट्ट, दुर्गंधी गोळा बनतो. प्राणी दिवसभर खातो, तरी वजन उतरत जाते. पिंजऱ्यात लेंड्या कमी दिसू लागतात.

आमच्या घरच्या एका नराला सहाव्या वर्षी हे झाले. बाहेरून बघून काहीच कळले नव्हते. टॉवेलवर घेऊन दोन बोटांनी घडी हलकेच उघडली, तेव्हा चिंचोक्याएवढा काळसर हिरवा गोळा दिसला. कोमट पाण्यात बुडवलेला कापूस दोन-तीन मिनिटे तिथे धरला, मग कापसाच्या काडीवर थोडे खोबरेल तेल घेऊन गोळ्याच्या कडेने फिरवले. गोळा अख्खा सुटून आला. त्याने एक लांब श्वास सोडला आणि तसाच मांडीवर कोथिंबीर खात बसला. पुढे दीड वर्ष हे काम एक दिवसाआड करावे लागले. एकदा स्नायू सैल झाले की ते पूर्ववत होत नाहीत. हा मळ काढून देणे मग पाळणाऱ्याच्या रोजच्या कामांतलेच एक होते.

साफसफाईची रीत

खुर्चीवर बसून मांडीवर जाड टॉवेल घ्यावा. प्राण्याची पाठ आपल्या छातीला टेकवावी, एका हाताने छाती आणि दुसऱ्या हाताने बूड पेलावे. उताणा करून फार वेळ धरू नये. त्याला श्वास घ्यायला त्रास होतो आणि भीतीने तो उसळी मारतो. एवढ्याशा उंचीवरून पडूनही त्याचा मणका मोडतो. दुसरे माणूस जवळ असेल तर उत्तम. एकाने धरावे, एकाने पुसावे.

आधी पिशवी पाहावी. मग शिश्नाच्या वर, पोटाच्या बाजूने अंगठ्याने हलका दाब दिला की शिश्न बाहेर येते. त्यावर पांढरट मळ, कडेने गुंडाळलेला केस, गवताची काडी किंवा भुशाचा कण असल्यास ओल्या कापसाने टिपून घ्यावा. घासू नये. काम झाल्यावर शिश्न आपोआप आत गेले आहे ना, हे पाहिल्याशिवाय प्राण्याला खाली सोडू नये. तरुण नरात ही तपासणी महिन्यातून एकदा पुरते. तीन वर्षांच्या पुढे ती आठवड्यातून एकदा व्हावी. साबण, फिनेल किंवा घरातले कसलेही जंतुनाशक तिथे लावू नये. हळदपूड ओल्या घडीत बसून तिचा चिखल होतो, म्हणून तीही नको. उवा-पिसवा मारायला तंबाखूचे पाणी लावण्याचा विचार निपाणी भागात कोणाच्या मनात आलाच, तर त्याने तो तिथेच सोडावा. निकोटीन कातडीतून शरीरात जाते आणि एवढ्याशा जिवाला ते विषच आहे.

कुसळ, भुसा आणि चिकट वीर्य

नराच्या वीर्यग्रंथी मोठ्या असतात. त्यांचा स्राव हवेत येताच रबरासारखा घट्ट होतो. नर एकटा असला तरी हे घडते. तो पापुद्रा शिश्नचर्मात, केसांत किंवा भुशाला चिकटून सुकतो आणि कधी मूत्रमार्गाच्या तोंडाशी बूच बसवतो. कोमट पाण्याने भिजवून तो सोडवावा, कोरडाच ओढला तर कातडी सोलते.

यात आपल्या भागाची एक खास भर आहे. सह्याद्रीच्या उतारावरच्या कुसळी गवताला फुलोऱ्यानंतर टोकदार कुसळे येतात. अंगात रुतले की कुसळ पुढेच सरकते, मागे येत नाही. हे मेंढ्या राखणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. असे वाळले गवत अंथरले किंवा खायला टाकले, तर कुसळ शिश्नचर्मात शिरून तिथे पू धरतो. लाकडाचा बारीक भुसा आणि भाताचे तूसही ओलसर जागी चिकटतात. खायला फुलोऱ्याआधी कापून वाळवलेले गवत द्यावे आणि हातात घेऊन, झाडून, मगच टाकावे. अंथरायला धुतलेले जुने सुती कापड सर्वांत बरे. रोज बदलता येते आणि लघवीचा रंगही त्यावर स्पष्ट दिसतो. भाताचे पिंजर स्वस्तात मिळते, पण ते पाणी शोषत नाही आणि खाली बुरशी धरते.

शिश्नचर्माचा दाह झाला की टोक लाल होते, सुजते, पिवळट स्राव येतो, प्राणी सारखा चाटत बसतो. शिश्न बाहेर आले आणि आत जाईना, तर ते सुकून काळे पडायला वेळ लागत नाही. अशा वेळी ते खारट कोमट पाण्याने ओले ठेवून त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

मूतखडा

गिनीपिगाच्या शरीरातला जादा कॅल्शियम मोठ्या प्रमाणात लघवीवाटे जातो. म्हणून लघवी थोडी दुधाळ असणे, वाळल्यावर पांढरी पूड दिसणे, हे नेहमीचे. हीच पूड दाणेदार, वाळूसारखी झाली की सावध व्हावे. खडे बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. नराचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असल्याने खडा वाटेतच अडकतो. कुबड काढून बसणे, लघवी करताना बारीक किंचाळणे, कापडावर रक्ताचा डाग, थेंब थेंब लघवी ही लक्षणे. आमच्याकडे लोक सांगतात, ‘मुतताना ओरडूलालंय, खाईना झालंय.’ यातले दुसरे वाक्य कानावर पडेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. मार्ग पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत प्राणी जातो. क्ष-किरण चित्रात हे खडे सहसा स्पष्ट दिसतात. उपाय भूल देऊन खडा काढणे हाच आहे. पानफुटीचा रस पाजत बसण्यात हाती असलेला वेळ जातो.

इथे चाऱ्याचा प्रश्न येतो. बेळगावच्या बाजारात पालेभाजी मुबलक, आणि उरलेली मेथी, पालक, राजगिरा प्राण्याला टाकायची सवय जुनी. जनावरांसाठी लावलेला लसूणघासही हाताशी असतो. या सगळ्यांत कॅल्शियम भरपूर, तर पालक-राजगिऱ्यात ऑक्झलेटही. मोठ्या नराला हे रोज घालू नये. आहाराचा मोठा भाग वाळले-ओले गवतच असावे. पण हिरवे पार बंदही करता येत नाही, कारण माणसाप्रमाणेच गिनीपिगालाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. 1907 मध्ये नॉर्वेतील संशोधक होल्स्ट आणि फ्रोलिक यांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) प्रयोगात दाखवता आला तो याच प्राण्यात. दररोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे 10 ते 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की जखमा भरत नाहीत. ढबू मिरचीची एक मोठी चकती, पेरूची लहान फोड आणि थोडी कोथिंबीर, एवढ्यात त्याची रोजची गरज भागते.

हवामान

बेळगाव शहर सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे कपडा वाळत नाही. पूर्वेला अथणीकडे एप्रिल-मेमध्ये ऊन भाजून काढते. दोन्हीकडे एकच प्राणी वेगवेगळ्या रीतीने आजारी पडतो. ओल्या भागात मागचे केस ओले राहून कातडी लघवीने पोळते, बुरशी धरते (गजकर्णाची बुरशी माणसालाही लागते, मुलांचे हात धुवून घ्यावेत) आणि घाणेरड्या जागी माशी अंडी घालते. किडे पडले तर काही तासांत मांसापर्यंत जातात. पावसाळ्यात म्हणून रोज सकाळी एकदा खालून पाहावे. लांब केस असतील तर मागचे कात्रीने कमी करावेत. कोरड्या उष्ण भागात पाणी कमी पडले की लघवी घट्ट होते, वाळू साचते. तिथे दोन ठिकाणी पाणी ठेवावे आणि भाजी धुवून ओलीच द्यावी. साधारण 27 अंशांच्या वर गिनीपिगाला उष्णता बाधू लागते. पत्र्याच्या छपराखाली तर त्याला ठेवूच नये.

उपचार

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचे मुख्य काम गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांचे. गिनीपिग हाताळलेला डॉक्टर शोधावा लागतो आणि त्यासाठी लोक कोल्हापूर किंवा गोव्याचीही वाट धरतात. समोरचा डॉक्टर कन्नड बोलणारा असला तरी ‘मूत्र’ आणि ‘रक्त’ हे शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत. डाग पडलेले कापड सोबत नेले तर बोलायचीही फारशी गरज पडत नाही.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट पाळणाऱ्याने स्वतः लक्षात ठेवावी आणि डॉक्टरांनाही आठवण करून द्यावी. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके तोंडाने दिली की गिनीपिगाच्या आतड्यातील उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि प्राणी जुलाबाने दगावतो. घरातल्या लहान मुलाचे उरलेले गोड औषध पाजणे म्हणूनच जीवघेणे ठरते. त्याला उपाशीही ठेवू नये, शस्त्रक्रियेआधीसुद्धा नाही. अर्धा दिवस पोट रिकामे राहिले तरी आतड्याची हालचाल मंदावते.

स्तनाग्रांची एक जोडी नरालाही असते आणि तिथली गाठ नरातही आढळते, म्हणून खालची बाजू पाहताना जांघेवरूनही बोट फिरवावे. दर रविवारी वजन काट्यावर घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली लिहून ठेवावे. 50 ग्रॅम उतरले तर आणखी दोन दिवस बारीक लक्ष ठेवावे. 100 ग्रॅम उतरले, तर मात्र प्राणी वरून कितीही टुणटुणीत दिसत असला तरी त्याच दिवशी पिशवी उघडून बघावी, अंथरलेल्या कापडावरचे डाग तपासावेत आणि दवाखाना गाठावा.