ऑइल कॅपखालचा फेस अन् ऑइलमधलं कूलंट: दोन्ही एक नाही

थंडी पडली का सुरू होते बाप्पा. बाइकची ऑइल कॅप उघडली, आतून पिवळसर फेस दिसला का मेकॅनिक म्हणते हेड गॅसकेट (इंजिनाच्या वरच्या भागाखालची सील-पट्टी) गेलं, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) ऑइलमधे आलं, इंजिन खोलावं लागते. अन् लोक खोलू पण देतात!

गाडी एअर कूल्ड, म्हणजे हवेनं थंड होणारी, असेल तर विषयच संपला, कूलंटच नाही त्यात. पल्सर 220 ला समोर जे दिसते ते पण ऑइल थंड करणारा ऑइल कूलर आहे, कूलंट थंड करणारा रेडिएटर नाही. जुनी आर15, सीबीआर 250आर अशा कूलंटवाल्या बाइकवाल्यांनी पुढं वाचा.

पेट्रोल जळलं का पाण्याची वाफ होतेच, त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली क्रँककेसमधे, म्हणजे इंजिनाच्या ऑइलवाल्या खालच्या भागात, जाते. इंजिन नीट तापलं तर निघून जाते, पण जानेवारीत नागपुरात धरमपेठहून बर्डीपर्यंत एवढंसं जाऊन गाडी बंद केली तर ती वाफ सगळ्यात थंड जागी, म्हणजे कॅपला, पाणी होऊन बसते अन् ऑइलमधे घोटून फेस होतो. म्हणून कॅप पाहून निकाल देऊ नका, खालचं ऑइल पाहा. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी स्टार्ट न करता इंजिनाच्या बुडाचा ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा) हळूच सैल करून पहिलं थोडंसं काचेच्या बाटलीत घ्या. कूलंट ऑइलपेक्षा जड, वेगळं झालं असेल तर आधी तेच रंगीत पाणी येईल, नाहीतर सगळंच ऑइल दुधाच्या चहासारखं निघेल. काळं-तपकिरी साफ आलं अन् रेडिएटर काठोकाठ असेल तर ऑइल कॅप पुसा, रामटेकपर्यंत आरामात लांब जाऊन या, इंजिन तापून वाफ निघून जाईल. रेडिएटरची कॅप थंड इंजिनवरच उघडायची हं, अन् नुसती रिझर्व्ह टाकी पाहून खुश होऊ नका, कॅपचं रबर गेलं असेल तर टाकी भरलेली अन् रेडिएटर अर्धा रिकामा असं पण होते.

गरम सायलेन्सरवर ऑइलचा थेंब टाकून तडतडते का पाहणारे पण आहेत. पाणी आहे एवढंच कळते त्यातून, कुठलं ते नाही.

खरंच कूलंट निघालं तर गाडी चालवूच नका, बेअरिंगा जातात. पण तरी आधी गॅसकेटवर उडी काहून? इंजिन तापल्यावर पण पांढरा धूर, रेडिएटरमधे सतत बुडबुडे, असं असेल तर गॅसकेटचा संशय घ्या. नाहीतर आधी कूलंट फिरवणारा वॉटर पंप पाहा. त्यात दोन सील असतात, एक कूलंट अडवते, एक ऑइल, अन् मधातून एक बारीक भोक बाहेर निघते, सील गेलं का गळती तिथून खाली दिसावी म्हणून. ते चिखलानं बुजते, नाहीतर कोणी हुशार माणूस गळते म्हणून एम-सील थापून देते. मग ते कूलंट जाईल कुठं बे, दुसऱ्या सीलवर चढून ऑइलमधेच ना?